फोटो आणि तसबीर

(रौप्यमहोत्सवी स्मरणिकेच्या तयारीसाठी भरलेल्या मासिक सभेत वाचलेले भाषण)



भाषण करायचे म्हटले की माझे हातपाय गार पडतात. दोनशे पोळ्या लाटायला सांगा, मुकाट्याने लाटीन. पण उभे राहून बोलायचे म्हणजे घशाला कोरड पडते. त्यातून माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. म्हणून मी सगळे वहीत लिहून आणले आहे, शुद्धलेखन थोरलीकडून तपासून घेतले आहे, आणि आता तेच वाचणार आहे. कुठे अडखळले तर हसा, पण उठून जाऊ नका. चहा माझ्यानंतर ठेवला आहे.

स्मरणिकेसाठी फोटो निवडायचे काम कमिटीने माझ्याकडे दिले. माझी थोरली चित्रकला शिकते, तेव्हा लेकीचे थोडेफार आईला येत असेल, असा कमिटीचा हिशेब! मलाही वाटले, यात काय मोठे? पंचवीस वर्षांचे पंचवीस फोटो काढायचे आणि छापखान्यात नेऊन द्यायचे. पण मंडळाचे कपाट उघडले आणि जीव गलबलला. तुम्हाला आठवते ना, २०१९ सालच्या ऑगस्टात कृष्णामाई आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली होती. आपली खोली तळमजल्यावर. कपाटाच्या खालच्या तीन फळ्या पाण्यात होत्या आणि अल्बम नेमके सर्वांत खालच्या फळीत. पाणी उतरल्यावर आपण भांडी घासली, जाजमे धुतली, वह्या उन्हात घातल्या. अल्बम मात्र तसेच वाळू दिले. ओला फोटो ओल्या फोटोवर वाळला की तो कायमचा चिकटतो. वाळू न देता लगेच स्वच्छ पाण्यात भिजत घातला असता तर पुष्कळसे फोटो सुटे झाले असते, मग दोरीवर चिमटे लावून वाळवता आले असते. हे मला आता कळले. तेव्हा कोणाला सुचले नाही. तेव्हा डोक्यात फोटो नव्हते, गॅसची शेगडी होती.

तर अल्बमातले जेमतेम अकरा फोटो वाचले. बाकीचे तुमच्यामाझ्या मोबाइलमधून गोळा करावे लागले. ज्यांनी ज्यांनी पाठवले त्यांचे आभार. मात्र एकीने फोटोंबरोबर सव्वाशे सुप्रभातही पाठवली, त्यांचे काय करायचे ते तिने मला सभेनंतर सांगावे.

आता मूळ विषय. एका दुपारी मी फोटो बघत बसले होते, थोरली मागून आली आणि एक फोटो बघून खो खो हसायला लागली. तो आपल्या दहाव्या वाढदिवसाच्या जेवणाचा फोटो. हॉलमध्ये लांबलचक टेबल, आणि आपण सगळ्या टेबलाच्या एकाच बाजूला, कारण फोटोवाला समोर उभा. मधोमध तेव्हाच्या अध्यक्षीणबाई, दोन्ही हात पसरून “भात कोणाला?” म्हणून विचारताहेत. डावीकडे तिघी एकमेकींच्या कानाला लागलेल्या, उजवीकडे दोघी उठून मध्ये वाकलेल्या, आणि एक टोकाला पर्स घट्ट धरून बसलेली. थोरलीने मोजले. बरोबर तेरा बाया! ती म्हणाली, “आई, हे ‘शेवटचं भोजन’ आहे!”

मला काही कळेना. मग तिने मला मोबाइलवर ते चित्र दाखवले. लिओनार्दो द व्हिंची नावाच्या चित्रकाराने इटलीत मिलान गावी एका मठाच्या जेवणघराच्या भिंतीवर ते काढले, १४९५ ते १४९८ च्या सुमाराला. येशू ख्रिस्त मधोमध बसला आहे, हात पसरलेले, दोन्ही बाजूंना बारा शिष्य, सगळे टेबलाच्या एकाच बाजूला. आपल्यातच कोणीतरी दगा देणार आहे, असे त्याने सांगितल्यावर जी गडबड उडाली ती चित्रात आहे. आपल्याकडे गडबड भाताची होती, एवढाच फरक. आणि पर्स धरलेल्या वहिनींनी रागावू नये, पण त्या चित्रातही एकाच्या मुठीत पैशाची पिशवी आहे. तो कोण, हे मी इथे सांगणार नाही.

त्या दिवसापासून मला नादच लागला. बाजारात, बसस्टँडवर, लग्नात, जिकडे तिकडे मी चित्रे बघू लागले. थोरली म्हणते, जगभर लोकांना हा नाद आहे. इंग्लंडमधल्या मँचेस्टर शहरात २०१६ सालच्या नव्या वर्षाच्या पहाटे एका वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरने रस्त्यातला दंगा टिपला. पोलीस एका माणसाला धरताहेत, एक बाई हातवारे करते आहे, आणि पुढे एक झिंगलेला गडी रस्त्यावर आडवा पडून बाटलीकडे हात लांबवतो आहे. तो फोटो बघून लोक म्हणाले, हे तर जुन्या उस्तादांचे चित्र! कोणी त्यावर रेघा आखून दाखवल्या, कोणी त्या गड्याला उचलून जुन्या चित्रांत नेऊन बसवले. मला विचाराल तर दारुड्याचे एवढे कौतुक मला रुचले नाही. पण चित्र दिसते खरे.

का दिसते, हे मी थोरलीला विचारले. तिने सांगितले ते मला समजले तेवढे सांगते. जुने चित्रकार उजेड एका बाजूने आणीत. एखादी खिडकी किंवा एखादा दिवा, बाकी सगळा काळोख. मग चेहरे आणि हात तेवढे उजळून वर येतात, बाकीची अडगळ अंधारात बुडते. दुसरे, त्या चित्रांतली माणसे आपल्याकडे बघत नाहीत, आपापल्या कामात असतात. आपण फोटोला उभ्या राहिलो की सगळ्या ताठ, हात कुठे ठेवावेत कळत नाही, आणि ट्यूबलाइटचा उजेड सगळ्यांवर सारखा. तसले फोटो चित्रासारखे कधी होत नाहीत. जो फोटो काढायचा नव्हता, चुकून निघाला, तोच चित्रासारखा होतो.

हे ऐकल्यावर मला माझे माहेर आठवले. माझे माहेर सातारा जिल्ह्यातले, औंधपासून चालत दीड तासावर. यमाईच्या दर्शनाला आम्ही वर्षातून दोनदा तरी जात असू. सहावीत असताना मास्तरांनी आम्हाला डोंगरावरच्या भवानी संग्रहालयात नेले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रे काढीत, आणि दुसऱ्यांची चित्रेही हौसेने जमवीत. १९३८ साली त्यांनी ते संग्रहालय उभे केले. रविवर्म्याची चित्रे आहेत, आपल्या कोल्हापुरात जन्मलेल्या धुरंधरांची आहेत, आणि हेन्री मूर नावाच्या इंग्रज शिल्पकाराने दगडात घडवलेले आई आणि मूलही आहे. आम्हा पोरींना त्या दगडात आई कुठली आणि मूल कुठले ते कळेना, आम्ही हसत सुटलो, आणि मास्तरांनी सगळ्यांना बाहेर काढले. पण त्याआधी मी एका चित्रापुढे उभी होते. जरीचे लुगडे नेसलेली बाई, मान किंचित कललेली. मी मैत्रिणीला म्हटले, “अगं, ही तर आमच्या धाकट्या आत्यासारखी दिसते!” मास्तर म्हणाले, “वेडे, तुझी आत्या हिच्यासारखी दिसते असं म्हण.” मला तेव्हाही ते पटले नव्हते. आत्या आधीची. चित्र नंतरचे.

आणि ते खरेच आहे हो! थोरली सांगते, रविवर्म्याने देशभर हिंडून बायकांची नेसणी पाहिली, दागिने पाहिले, फोटोही जमवले, आणि मग लक्ष्मी-सरस्वतीला साडी नेसवली. १८९४ साली त्याने मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला, आणि त्या छापील तसबिरी घरोघर गेल्या. माझ्या आजीच्या देवघरात तीच लक्ष्मी होती, तुमच्याही आजीच्या असेल. कुठल्यातरी साध्या बाईकडे बघून केलेली देवी आपण भिंतीवर लावली आणि तिला हार घातले. धुरंधरांना तर १८९५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले ते ‘लक्ष्मी, आलीस का?’ अशा नावाच्या चित्राबद्दल. म्हणजे आपल्या घरातल्या रीतिभाती, आपले हळदीकुंकू, आपली बसण्याउठण्याची तऱ्हा चित्रकारांना दिसत होती. आपल्याला दिसत नव्हती, कारण आपण त्यातच होतो.

आता मी ज्यासाठी उभी राहिले ते सांगते. इथून पुढचे वाचताना माझा आवाज कापला तर सांभाळून घ्या.

स्मरणिकेत एक पान श्रद्धांजलीचे आहे. त्यात अक्का आहेत. अक्कांना ओळखत नाही अशी इथे कोणी नसेल. गेल्या चार-सहा महिन्यांत आलेल्या नव्या सुनांसाठी एवढेच सांगते, की मंडळाचा मसाला, मंडळाचे पापड आणि मंडळाचा तिळगूळ हे तिन्ही अक्कांच्या हातचे. अठ्ठाविसाव्या वर्षी मालक गेले, दोन मुले वाढवली, आणि मंडळ निघाले त्या पहिल्या दिवसापासून २०२३ च्या श्रावणात जाईपर्यंत एक काम चुकवले नाही. मी १९९९ साली सांगलीत नवी नवरी म्हणून आले. मला चुलीवरच्या भाकरीखेरीज काही येत नव्हते. पुरणाची पोळी न फाटता तव्यावर कशी टाकायची, हे मला अक्कांनी शिकवले.

श्रद्धांजलीच्या पानासाठी अक्कांचा फोटो हवा होता. अकरा वाचलेल्या फोटोंत अक्का नाहीत. मोबाइलमधले सहाशे फोटो मी बघितले. आहेत, पण एकीत हात आहे, एकीत पाठ आहे, एकीत पंगतीच्या टोकाला वाढताना अर्धा पदर आहे. पंचवीस वर्षे मंडळात आणि फोटोत बाई नाही! त्यांच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, “काकू, घरातले सगळे फोटो पुरात गेले, बाबांचासुद्धा. आईचा आधारकार्डावरचा तेवढा आहे.” आधारकार्डावर आपण सगळ्या कशा दिसतो ते तुम्हाला ठाऊकच आहे. चोरीच्या तक्रारीत लावावा असा फोटो तो.

शेवटी थोरलीलाच तिच्या जुन्या मोबाइलमध्ये एक सापडला. २०१८ सालचे संक्रांतीचे हळदीकुंकू. ती तेव्हा नववीत होती, आणि मला सोबत म्हणून आली होती. त्या संध्याकाळी ऐन वेळी लाइट गेली, तुम्हाला आठवत असेल. सगळ्यांनी एकदम आरडाओरडा केला. आणि आतून अक्का पणती घेऊन आल्या. मागच्या दाराने वारा येत होता म्हणून ज्योतीपुढे दुसरा हात धरलेला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात त्या उभ्या राहिल्या, आणि तेवढ्यात पोरीने फोटो काढला.

फोटोत पुढे आपली डोकी आहेत, काळी काळी. कुठे एखादे बांगडीचे टोक चमकते, कुठे नथ. मागे दाराची चौकट. आणि चौकटीत अक्का. उजेड फक्त त्यांच्या तोंडावर आणि त्या आडव्या धरलेल्या हातावर. बोटांच्या कडा लाल दिसतात, आतून दिवा लागल्यासारख्या. अक्का खाली ज्योतीकडे बघताहेत. एवढे शांत तोंड मी त्यांचे कधी पाहिले नव्हते. किंवा पाहिले असेल, लक्ष दिले नसेल.

थोरली म्हणाली, “आई, हे हळदणकरांचं चित्र आहे.”

ते चित्र तुम्ही पाहिलेले आहे. एक बाई दिवा घेऊन उभी, दुसरा हात ज्योतीपुढे, बोटांतून उजेड झिरपतो आहे. कॅलेंडरवर, घड्याळावर, कुठे कुठे ते असते. पुष्कळांना ते रविवर्म्याचे वाटते, मलाही वाटत होते. पण ते सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे. १८८२ साली सावंतवाडीत जन्मलेले, १९६८ साली वारले. हे चित्र त्यांनी १९४५-४६ च्या सुमाराला जलरंगात काढले, आणि ते म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. जलरंगात पांढरा उजेड मागाहून लावता येत नाही, असे थोरली म्हणते; कागदाचा पांढरेपणा आधीच राखून ठेवायचा असतो. म्हणजे कुठे उजेड ठेवायचा ते अगोदर ठरवावे लागते, आणि हात चुकून चालत नाही. चित्रातली बाई म्हणजे त्यांची स्वतःची मुलगी, गीता उपळेकर. त्या आपल्या शेजारी कोल्हापुरात राहत होत्या आणि २०१८ साली १०२ वर्षांच्या होऊन वारल्या. ज्या वर्षी आपल्या उंबऱ्यात अक्का पणती घेऊन उभ्या राहिल्या त्याच वर्षी त्या गेल्या. हा नुसता योगायोग, त्यात काही शोधू नका. मी सांगितल्याशिवाय राहवले नाही, एवढेच.

हा फोटो मी कमिटीला दाखवला. सगळ्या हरखून गेल्या. “अगंबाई, किती सुंदर!” “मुखपृष्ठावरच घेऊ!” छापखान्यातल्या मुलाने दुसऱ्या दिवशी एक नमुना करून दिला. पुढची डोकी काढली, चौकट काढली, मागे सगळे काळे केले, उजेड थोडा सोनेरी केला. राहिल्या अक्का आणि पणती. खरोखर तसबीर दिसत होती, भिंतीवर लावावी अशी. मग एक जण म्हणाली, कपाळ मोकळे बरे दिसत नाही, कंप्युटरवर बारीकशी टिकली लावता येईल का? तिच्या मनात काही वाईट नव्हते. अक्कांवर तिचा जीव होता. पण माझ्या पोटात कालवले.

कारण त्या संध्याकाळी अक्का उंबऱ्यात का उभ्या होत्या, हे मला ठाऊक आहे. त्यांना मीच आत बसवले होते.

त्या वर्षी हळदीकुंकवाची व्यवस्था माझ्याकडे होती. अक्का सकाळपासून राबत होत्या. तिळगूळ त्यांनी केला, वाणाच्या चहाच्या गाळण्या त्यांनी मोजून ठेवल्या, पानसुपारीचे ताट त्यांनी लावले. बायका यायला लागल्या तशी मी त्यांना म्हटले, “अक्का, तुम्ही आतलं बघा हं, तुमच्यावाचून कुणाला जमायचं नाही.” किती गोड बोलले मी! त्याही हसून “बरं” म्हणाल्या आणि आत गेल्या. दरवर्षी कोणी ना कोणी त्यांना हेच वाक्य बोलत होते. त्या वर्षी माझी पाळी होती. लाइट गेली नसती तर त्या उंबऱ्यापर्यंतसुद्धा आल्या नसत्या, आणि हा फोटोही निघाला नसता.

मी घरी गेले, थोरलीला नमुना दाखवला. मला वाटले, चित्रकलेची मुलगी, तिला आवडेल. ती बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, “आई, चौकट कापलीस तर ही हळदणकरांची नक्कल होते, आणि नक्कल वाईट आहे. त्यांच्या चित्रातली बाई चित्रासाठी उभी होती. ह्या आजी तिथं उभ्या होत्या, कारण पुढं यायची सोय नव्हती.”

मग तिने मला आणखी एक फोटो दाखवला. २०११ साली येमेन देशात लोकांनी सरकारविरुद्ध मोर्चे काढले होते. सना शहरात एका मशिदीतच जखमींसाठी दवाखाना केला होता. तिथे बुरख्यातली एक बाई एका उघड्या अंगाच्या तरुणाला कवेत घेऊन बसली आहे. स्पेनच्या सॅम्युएल अरांडा नावाच्या फोटोग्राफरने तो फोटो काढला आणि त्याला जगातले मोठे बक्षीस मिळाले. बघणारे म्हणाले, हे तर मायकेलअँजेलोचे शिल्प, येशूचा देह मांडीवर घेतलेली मेरी! आणि दिसतेही अगदी तसेच. पण ती मेरी नव्हती. पोराला जखमींत शोधत आलेली ती त्याची आई होती, आणि पोरगा अश्रुधुराने गुदमरलेला होता, मेलेला नव्हता. तो वाचला. फोटो जगभर गेला, तेव्हा ती कोण हे लोकांना ठाऊक नव्हते. ते मागाहून कळले. मी तो फोटो बघून रडले, हे कबूल करते. पण रडताना मीही आधी शिल्पच बघितले होते, बाई नंतर.

आता कमिटीतल्या बहिणींचेही एक म्हणणे आहे आणि ते मी लपवून ठेवणार नाही. त्या म्हणतात, श्रद्धांजलीच्या पानावर मंडळाची उणीदुणी कशाला? पाहुणे येणार, पुढारी येणार, त्यांच्या हातात स्मरणिका जाणार. चौकटीसकट फोटो छापला तर लोक विचारतील, बाई अशा दारात का उभ्या? अक्कांच्या मुलालाही वाईट वाटेल. हे म्हणणे खोटे नाही. म्हणून मी त्याला दोन्ही फोटो पाठवले. त्याने उत्तर दिले, “काकू, जो तुम्हाला बरा वाटेल तो घ्या, फक्त टिकली लावू नका. आईनं ती स्वतः लावली नव्हती.” एवढेच लिहिले त्याने.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने, म्हणजे इथून हाकेच्या अंतरावर, ४ मे २०२२ रोजी ग्रामसभेत ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात सरकारनेही बाकीच्या गावांनी तसे करावे म्हणून पत्रक काढले. आपल्या जूनच्या सभेत विषय निघाला होता. इतिवृत्ताची वही मी काढून बघितली. त्यात लिहिले आहे : ‘विषयावर चर्चा झाली. विषय पुढील सभेवर ठेवण्यात आला.’ पुढील सभेच्या पानावर गणपतीच्या आरासाची वर्गणी आहे.

त्या सभेला अक्का होत्या, मागे, पापडाच्या ऑर्डरची वही घेऊन. चहाच्या वेळी मी मुद्दाम त्यांच्याजवळ गेले आणि विचारले, “अक्का, तुम्हाला काय वाटतं?” त्या म्हणाल्या, “मला आता कुंकू नको गं. पन्नास वर्षं झाली, कपाळाला सवय राहिली नाही. पण गुडघे दुखतात. तेवढं जाजमावर बसायला जागा द्या.”

२०२३ च्या संक्रांतीला त्यांना जागा दिली. ठराव नाही, काही नाही. मी आणि आणखी दोघींनी हाताला धरून बसवले. एक-दोघींनी तोंडे फिरवली, त्या इथे आहेत, मी नावे घेणार नाही; मागाहून त्याच दोघी अक्कांच्या आजारपणात डबा घेऊन जात होत्या. अक्का भिंतीला टेकून पाय लांब करून बसल्या, वाणाचा डबा घेतला, झाकण लागते की नाही ते दोनदा बघितले, आणि “स्वस्तातला आणलाय” म्हणाल्या. त्या दिवशी लाइट चांगली होती. सगळ्यांच्या हातात मोबाइल होते. मी सहाशे फोटो बघितले ते खरे म्हणजे त्या दिवसाचा एखादा मिळेल म्हणून. नाही मिळाला. कोणी काढलाच नाही.

तेव्हा आपल्याजवळ अक्कांचा एकच फोटो आहे. तो उंबऱ्यातला आहे.

छापखान्याला सोमवारी फोटो द्यायचा आहे. दोन्ही नमुने मी आणले आहेत, ते आता हातोहात फिरवते. एक कापलेला, एक चौकटीसकट. माझे मत मी सांगितले. पण मंडळ माझ्या एकटीचे नाही. फोटो नीट बघा. चौकटीसकटच्या फोटोत डावीकडून तिसरे डोके माझे आहे, वळून मागे बघणारे. अबोली गजरा आहे त्यावरून ओळखाल. बघून झाले की ज्यांना चौकटीसकट हवा त्यांनी हात वर करावेत. चिटणीसबाई मोजतील आणि इतिवृत्तात लिहितील.

मी आता खाली बसते आणि चहाचे आधण ठेवायला सांगते.